बाल्सा सोडून विमान कशाचं करायचं? थर्माकोल, सनपॅक, फायबर... ज्यानं केलंय त्यानं लिहा

खडूफळा
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या पोरांसाठी विमानं बनवायचं शिबिर घ्यायचं चाललंय. आधी प्रत्येकानं हातानं फेकायचं ग्लायडर करायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक रिमोटचं, साधारण १.२ मीटर पंखाचं. मोटर, बॅटरी, सर्व्हो हे सगळं एका माजी विद्यार्थ्यानं दिलंय (२२१२ मोटर, तिचा वेग सांभाळणारा ३० अँपियरचा ईएससी, ३एस म्हणजे तीन सेलची २२०० ची बॅटरी, फळ्या हलवणारे छोटे सर्व्हो) तेव्हा तो प्रश्न नाही.

प्रश्न बाल्साचा, मॉडेल विमानं करतात त्या हलक्या लाकडाचा. इथं मिळत नाही, बाहेरून मागवावा तर भाव बघून डोळे पांढरे होतात आणि कुरियरनं येईपर्यंत निम्म्या शीटा चिरलेल्या. वर पोरं म्हणजे पोरं, एका दुपारात सगळ्याचा भुगा करतील. तर थर्माकोल, फोमशीट, फायबर ह्यातलं काय चालतं? यूट्यूबवर जे फोमबोर्ड वापरतात ते इथं स्टेशनरीच्या दुकानात मागितलं की सनबोर्ड पुढं करतात, ते चालेल का? बजेट विचारू नका, हसाल.

लातूरचा_पतंग
सनबोर्डचं विमान व्हत नाय सर, डॉक्टरच्या दवाखान्याची पाटी व्हती.

चिकलठाणा_टेकऑफ
सनबोर्ड अजिबात नको. ते पीव्हीसी फोम आहे, घनमीटरला ५०० किलोच्या वर भरतं. बाल्सा साधारण १०० ते २०० मधे असतो. म्हणजे बाल्साला पर्याय शोधायला निघालो आणि तिप्पट-चौपट जड वस्तू घेऊन आलो असं होईल. आणि गरम तारेनं तर चुकूनही कापू नका, पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो, पोरं जवळ असताना तर नकोच.

थर्माकोल म्हणजे ईपीएस. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगचा साधा माल घनमीटरला १५ किलोच्या आसपास. त्याच्या वर एक्सपीएस, निळ्या-गुलाबी लाद्या येतात त्या, ३० ते ३५ किलो, दाणे नसतात त्यामुळं घासला की गुळगुळीत होतो. मग ईपीपी, आपटला तरी परत जागेवर येतो, पण आपल्याकडं सुटा मिळवणं अवघड. वाळूजला गाड्यांच्या बंपरच्या आत भरायला येतो तेवढाच मी बघितलाय.

तुमच्या कामाला एक्सपीएस. लाद्या बहुतेक १२५० बाय ६०० मिलिमीटरच्या येतात, म्हणजे तुमचा १.२ मीटरचा पंख एका लादीत विनाजोड बसतो. स्टेशनरीत विचारत बसू नका, गच्ची हीटप्रूफ करणारे किंवा कोल्ड स्टोरेजचं काम घेणारे असतात त्यांच्याकडं विचारा, तुकडे तर फुकटसुद्धा देतात.

मीच_का
>> बजेट विचारू नका, हसाल
सर बजेट सांगा, आम्ही रडतो.

आबा_अंबाजोगाई
मी जुन्या वळणाचा माणूस, एनसीसीच्या एअर विंगमधे मॉडेलिंग शिकलो. तेव्हा कंट्रोल लाईनची विमानं असायची, दोन तारांना बांधलेली, आपण मधे उभं राहून गोल फिरायचं, उतरल्यावर आपणच गरगरायचो. सगळं बाल्साचं. फोमला माझा विरोध नाही, पण फोमनं हात तयार होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बाल्सामधे शीट हातात घेऊन बघावं लागतं, ए-ग्रेन आहे का सी-ग्रेन. ए-ग्रेन वळतं, पंखाच्या नाकावर गुंडाळायला तेच. सी-ग्रेन ताठ, अंगावर ठिपक्यांसारखी चमक असते, बरगड्या त्याच्याच कापायच्या. हे एकदा बोटांना कळलं की पोरगं आयुष्यभर कुठल्याही लाकडाकडं बघून त्याचं काय होईल ते सांगतं. थर्माकोल काय, इकडून बघा तिकडून बघा सारखाच.

आणि वजनाच्या मानानं ताकद बघितली तर बाल्साला अजून तोड नाही. तुमच्या त्या एक्सपीएसची बारीक पट्टी कापून शेपटीचं पातं करून बघा, शेवग्याची शेंग बरी म्हणाल.

लातूरचा_पतंग
आबा शेंगेवर नका जाऊ, भूक लागली.

माळावरची_पवनचक्की
मी बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या माळावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहे. बाल्सा महाग काहून झाला ते आमच्यामुळं. त्या लांबलचक पात्यांच्या पोटात, फायबरच्या दोन थरांच्या मधे, बाल्सा नाहीतर फोम भरलेला असतो. जगातला बहुतेक बाल्सा इक्वाडोरमधून येतो आणि २०२० ला चीनमधे पवनचक्क्या उभारायची अशी घाई झाली की माल पुरंना, भाव कुठल्या कुठं गेले. तेव्हापासून पात्यावाल्यांनी पण पीईटी फोमकडं वळायला सुरवात केली. म्हणजे सर तुम्ही जो प्रश्न विचारायले तोच मोठमोठ्या कंपन्यांना पडला होता, तुमचं बजेट त्यांच्यापेक्षा जरा कमी इतकंच.

चिकलठाणा_टेकऑफ
आबा, आदर ठेवून एक सांगतो. बाल्सा विरुद्ध कंपोझिट (दोन-तीन वस्तू एकत्र करून केलेलं) असं भांडणच नाही मुळात. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो घ्या, नोव्हेंबर १९४० ला पहिल्यांदा उडालं, त्याच्या धडाचं कवच म्हणजे बर्च प्लायच्या दोन पातळ थरांमधे बाल्सा. म्हणजे सँडविच. मधलं भरण हलकं पाहिजे आणि वरची कातडी ताणाला-दाबाला टिकणारी पाहिजे, बस. मधे बाल्सा आहे का फोम हा नंतरचा प्रश्न.

आबा_अंबाजोगाई
मॉस्किटो मला शिकवता का? मी तेच म्हणतोय, त्यांनी सुद्धा बाल्साच घातला. थर्माकोल नाही घातला.

मीच_का
१९४० ला थर्माकोल असता तर गणपतीच्या मखरात घातला असता, विमानापर्यंत पोचला नसता.

लातूरचा_पतंग
आता ऐका. लहानपनी ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या केल्यात का कुनी? साल सोलून तिच्या काड्या करायच्या आन आतला भेंड तोडून त्याची चाकं, बैलं, जू. आता त्यो भेंड नुसता घेतला तर बोटानं दबतो, साल नुसती घेतली तर लवून जाती. पन दोन्ही एकत्र हाईत तवर धांडा डोक्याच्या वर कनीस घेऊन वाऱ्यात हुबा ऱ्हातो का नाय? ह्येच की तुमचं सँडविच. उगं इंग्लंडला कशाला जायलात.

चिकलठाणा_टेकऑफ
पतंगराव, कॉलेजात हे असं सांगितलं असतं तर एटीकेटी लागली नसती आमची. शंभर टक्के तेच.

गोदाकाठची
नांदेडहून. कॉलेजात असताना आमच्या टीमनं वजन उचलायच्या स्पर्धेसाठी विमान केलं होतं, ३-४ किलोचं, फोमचा पंख आणि वर ग्लास, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड रेझिननं चिकटवलेलं. त्यावरून काही गोष्टी.

गोंद आधी ठरवा, फोम नंतर. साधं फेविक्विक थर्माकोलला आणि एक्सपीएसला खातं, थेंब पडला की तिथं खड्डा. फेविकॉल एसआरसारखे पिवळे, वासाचे सॉल्व्हंटचे गोंद, तेही खातात. पांढरा फेविकॉल चालतो पण दोन मोठ्या लाद्या समोरासमोर चिकटवल्या तर मधलं पाणी बाहेर जायला वाटच नसते, वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आत दुसऱ्या दिवशी पण ओलाच. काठांना, कागद चिकटवायला तो मस्त. मोठ्या जोडाला पाच मिनिटवालं इपॉक्सी. ग्लू गन चालते, फक्त ती कमी तापमानाची घ्या नाहीतर थर्माकोल वितळतो, आणि ग्लू गनचा गोंद जड असतो, पोरं शेवयासारखा सोडतात. स्प्रे पेंट पण नको, डबा फवारला की फोम डोळ्यादेखत बसतो. पाण्याचे ॲक्रिलिक रंग वापरा.

फायबरचं तर त्याहून. आमच्या ज्युनियर पोरांनी एका फायबरच्या वर्कशॉपातून "रेझिन" आणलं, इपॉक्सी का काय विचारलंच नाही. पॉलिस्टर रेझिन निघालं. त्यात स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यामुळं ब्रश फिरवला तसा पंख आतून पोकळ होत गेला, वर नुसती चिकट जाळी. इपॉक्सी फोमला काही करत नाही.

फायबरवाला
ताई बरोबर बोलल्या. माझं वाळूजला फायबरचंच काम, टाक्या, कूलरच्या बॉड्या, मंदिराचे कळस, सगळं पॉलिस्टरवर. रोज लोक येतात पाव किलो रेझिन द्या म्हणून, मी आधी विचारतो कशावर मारणार.

अजून एक फरक सांगतो जो आमच्या कारागिरांना पण सांगून कळत नाही. पॉलिस्टरमधे कॅटॅलिस्ट कमीजास्त करून आपण ते लवकर-उशिरा वाळवू शकतो, थंडीत जरा जास्त, उन्हाळ्यात जरा कमी. इपॉक्सीत तसं चालत नाही. एलवाय ५५६ रेझिनला एचवाय ९५१ हार्डनर वजनाने १०० ला १० म्हणजे १०० ला १०. जास्त हार्डनर ओतला तर लवकर नाही वाळत, उलट कायमचं रबरासारखं राहतं. सोनाराचा छोटा डिजिटल काटा घ्या, अंदाजपंचे नको.

आणि आपल्या मे महिन्यात एका वाटीत शंभर ग्रॅम कालवून ठेवलं तर वाटी हातात धरवत नाही, धूर काढते. थोडं थोडं कालवा, पसरट ताटलीत ओता म्हणजे उष्णता निघून जाते, आणि काम पहाटे करा. दिवाळीला हा त्रास नाही म्हणा.

उदगीर_एक्स्प्रेस
फायबरवाले दादा, कूलरची बॉडी केवढ्याला पडते हो? लोखंडाचा दर वर्षी गंजायलाय.

फायबरवाला
धागा विमानाचा आहे साहेब, पण व्यनि करा.

हिरवा_चारा
जालन्याहून, शेतकरी माणूस. एक खटकतंय म्हणून लिहितो. थर्माकोलवर २०१८ च्या मार्चमधेच राज्यात बंदी आली ना? आणि बंदीचं सोडा, तुमची विमानं कुठं पडणार, आमच्याच वावरात ना. थर्माकोलचे दाणे एकदा काळ्या मातीत मिसळले की निघत नाहीत, कडब्यात गेले तर जनावरांच्या पोटात. आबांचा बाल्सा पडला तर पडला, कुजून जाईल. शाळेत पोरांना हे शिकवताना हा विचार व्हायला पाहिजे.

गोदाकाठची
२०१८ ची बंदी ताटं, वाट्या, कप आणि सजावटीच्या थर्माकोलवर होती, इन्सुलेशनच्या लाद्यांवर नाही, त्या उघड मिळतात. पण तुमचा दुसरा मुद्दा खरा आहे. म्हणूनच दाणेदार थर्माकोलपेक्षा एक्सपीएस बरा, तो मोडला तर तुकडे होतात, दाणे सुटत नाहीत. घासायचं काम मात्र ताडपत्रीवर आणि वारा नसताना करावं, भुसा भरून ठेवावा. आणि पडलेलं विमान उचलताना सगळे तुकडे वेचून आणायचे हा नियमच करायचा.

हिरवा_चारा
वेचतील म्हणता. संक्रांतीचा मांजा कोणी वेचतं का? बरं असो, सर शाळेचे आहेत, त्यांच्यावर विश्वास.

आबा_अंबाजोगाई
हिरवा_चारा यांना +१. फक्त प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या बाल्सावर पण डोप (वार्निशसारखा लेप) आणि वर प्लॅस्टिकची इस्त्रीची फिल्म असते, ती काही कुजत नाही.

लातूरचा_पतंग
आबा आज फॉर्मात हाईत.

खडूफळा
वा, बरंच कळलं. आता शंका. फोमचा पंख एवढा मऊ, मोटर लावून हवेत गेल्यावर मधे मोडत नाही का? आणि फायबर मारलंच पाहिजे का? आठवीची पोरं आणि इपॉक्सी हे मला जमेल असं वाटत नाही.

चिकलठाणा_टेकऑफ
सर, हिशोबच मांडतो. १.२ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद, १२ टक्के जाडीचा पंख धरा. त्याचं घनफळ साधारण चार लिटर निघतं. एक्सपीएसचा केला तर १२५ ग्रॅम, साध्या थर्माकोलचा ६०. वरखाली मिळून पृष्ठभाग अर्धा चौरस मीटरला थोडा कमी. आता कातडी बघा. चौरस मीटरला ५० ग्रॅमवालं ग्लास क्लॉथ मारलं तर कापड २५ आणि रेझिन नीट पिळून काढलं तर तेवढंच, म्हणजे ५० ग्रॅम. तेच बाजारात सहज मिळणारं २०० ग्रॅमचं कापड मारलं तर २०० च्या वर जाईल, म्हणजे पंखापेक्षा कातडी जड. आणि साधी तपकिरी पॅकिंग टेप, ती सगळ्या पंखाला २०-२५ ग्रॅम.

तुमची मोटर १० बाय ४.५ इंचाच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) ८०० ग्रॅमच्या आसपास ओढते. बॅटरी, मोटर, सर्व्हो सगळं मिळून ३०० च्या वर जातं, पंख सळईसकट १७०, धड-शेपूट १८०-२०० धरा, ७०० मधे बसतं. एवढ्या हलक्या विमानाला ग्लासची गरज नाही. टेप बस.

मोडायचं म्हणाल तर, विमान उडतं तेव्हा पंखाचं टोक वर जायला बघतं, म्हणजे खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. टेप ताणाला चांगली, दाबाला तिचा काही उपयोग नाही. म्हणून खालून लांबीच्या दिशेनं दोऱ्याची टेप मारा, ती फायबरचे धागे असलेली पार्सलची मिळते ती, आणि जिथं पंख सगळ्यात जाड आहे तिथं वरून खाच पाडून ६ मिलिमीटरची कार्बन नळी नाहीतर बांबूची कामटी इपॉक्सीनं बसवा. कामटी घ्यायची तर सालीची बाजू वर. पतंगवाल्यांना सांगायला नको.

लातूरचा_पतंग
कामटी निवडायचं काम आपल्याकडं द्या. दोन पेरांच्या मधी सरळ, गाठ नको, आन एका टोकाला धरून हलवून बगायची, दोन्हीकडं सारखी लवली पायजे. आमच्याकडं लातूरला बांबू पण भरपूर झालाय आता.

मीच_का
सनपॅकबद्दल, त्या आतून पोकळ प्लॅस्टिकच्या शीटबद्दल, कोणीच बोललं नाही? निवडणूक झाली की खांबाखांबाला लटकलेले असतात. फुकट माल. पंखावर उमेदवार हसतोय असं विमान मी बघितलंय.

माळावरची_पवनचक्की
पडलं का?

मीच_का
उमेदवार का विमान?

चिकलठाणा_टेकऑफ
सनपॅकवर अमेरिकेत एक आख्खा पंथच आहे, स्पॅड म्हणतात, सिंपल प्लॅस्टिक एअरप्लेन डिझाईन. धडाला पन्हाळीचा पाईप आणि पंख घडी घालून सनपॅकचा. दगडासारखं टिकतं पण जड असतं, त्याला वेग लागतो, वेग म्हणजे नवशिक्याचा शत्रू. शिवाय सनपॅक पॉलिप्रोपिलीन, त्याला बहुतेक गोंद धरतच नाहीत, ज्योतीचा हात फिरवून मग चिकटवावं लागतं. पोरांसाठी नको. शेपटीच्या फळ्यांना, उतरायच्या गियरच्या तळाला तुकडे वापरा.

गोदाकाठची
कापायचं कोणी सांगितलं नाही अजून, सगळी मजा तिथंच आहे. हॅकसॉच्या फ्रेमसारखी बांबूची किंवा लाकडाची कमान करा, साधारण ७० सेंटिमीटर, त्यात ०.४ मिलिमीटरच्या आसपासची नायक्रोम तार (हीटरमधे असते ती), एका टोकाला स्प्रिंग लावायची कारण तापली की तार लांबते आणि सैल पडते. १२ व्होल्टची बॅटरी, दोन-अडीच अँपियर जातो. तार लाल दिसायला नको, लाल झाली की जास्त खाते. थुंकी लावून बघणारे पण बघितलेत, तसं नका करू.

पंखाच्या आकाराचे दोन साचे सनमायकाचे कापायचे, कडा पॉलिश पेपरनं अशा घासायच्या की नख फिरवलं तर कुठं अडत नाही, कारण साच्यावर जो खडा आहे तो पंखावर आख्ख्या लांबीची रेघ होऊन येतो. साचे लादीच्या दोन बाजूंना खिळ्यांनी पक्के. साच्यावर १ ते १० आकडे टाका, दोघांनी दोन बाजूला कमान धरायची आणि एकानं मोठ्यानं आकडे म्हणायचे, "तीन... चार..." म्हणजे दोन्ही टोकं बरोबर चालतात. १.२ मीटरचा पंख दोन अर्ध्यात कापा, ६०-६० चे, मधे इपॉक्सी. घाई केली तर तार दोन्ही टोकांना पुढं जाते आणि मधे मागं राहते, पंखाच्या मधोमध पोट येतं. तार स्वतःच्या वेगानं जाऊ द्यायची, आपण फक्त साच्याला टेकवून धरायची. बरोबर वेग असला की तारेमागं कोळिष्टकासारखे बारीक केस येतात आणि हलकी सर्र ऐकू येते. आणि खिडक्या उघड्या, तो वास चांगला नाही.

वरचं-खालचं सालपट टाकू नका! पंख परत त्याच सालपटात ठेवला की टेप मारताना, इपॉक्सी वाळताना तो सरळ राहतो. आम्ही त्यावर शाळेच्या वह्यांचे गठ्ठे ठेवायचो.

फायबरवाला
कोणाला पुढं ग्लास मारायचाच असेल आणि जुन्या फ्रिजच्या कंप्रेसरनं व्हॅक्यूम काढून कापड पंखावर दाबायचा विचार असेल तर साध्या थर्माकोलवर पूर्ण व्हॅक्यूम लावू नका, पंख चपटा होऊन बाहेर येतो. थोडा लावा.

आणि नाकाचा टोप करायचा एक सोपा प्रकार. थर्माकोलचं नाक कोरा, त्याला पॅकिंग टेप गुंडाळा, वरून इपॉक्सी आणि बारीक ग्लासचे दोन-तीन थर, वाळलं की आत थिनर ओता. थर्माकोल विरघळून चिखल होतो, टेप ओढून काढा, कवच राहतं. हे मोठ्यांनी करायचं काम, उघड्यावर. ग्लास घासताना ओला पॉलिश पेपर वापरा, कोरडा घासून कूलरसमोर बसलात तर आख्खं घर खाजवतं.

उदगीर_एक्स्प्रेस
परवानगी वगैरे लागते का हो? आमच्या इथं एकाला पोलिसांनी ड्रोन उडवतो म्हणून बसवून ठेवलं होतं.

चिकलठाणा_टेकऑफ
विमान आहे, ड्रोन नाही, असं समजून चालू नका. ड्रोन नियम २०२१ पंखवाल्यालाही लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, सरांचं विमान मायक्रोत येतं. सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाईटचा नकाशा उघडून जागा हिरव्या झोनमधे आहे का बघा, तिथं ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. नांदेड, लातूर, आमचं चिकलठाणा, विमानतळाजवळच्यांनी जास्त जपून. आणि गावातल्या ठाण्याला आधी एक कागद देऊन ठेवावा, नियम असो नसो, नंतरचा ताप वाचतो.

आबा_अंबाजोगाई
जागेपेक्षा वेळ बघा. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी. दुपारी नांगरटीची काळी रानं तापतात, त्यावरून गरम हवेचे झोत उठतात, घारी त्यातच पंख न हलवता वर चढतात. जाणत्याला ते वरदान, नवशिक्याचं विमान मात्र उलटं होतं.

चिकलठाणा_टेकऑफ
आबांच्या मुद्द्याला जोड. उन्हाळ्यात हवाच पातळ होते. आमच्या चिकलठाण्याला साडेपाचशे-सहाशे मीटर उंची, वर ४२ अंश, म्हणजे पुस्तकातल्या समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा चौदा-पंधरा टक्के विरळ, विमानाला तेच वजन उचलायला आठ टक्के जास्त वेग लागतो. दिवाळीत ३० अंशाला एवढं जाणवणार नाही. मात्र एप्रिल-मे मधे टेपवालं, फोमचं विमान बंद गाडीत उन्हात ठेवू नका. टेपचा गोंद सरकतो, फोमला फुगे येतात, आणि खोलीच्या तापमानाला वाळवलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशाला मऊ पडायला लागतं. वरून काळा रंग तर नकोच.

हिरवा_चारा
मग पंख पांढरा आणि पोट केशरी करा. आमच्या तुरीत पडलं तर सापडायला बरं.

खडूफळा
मंडळी, ठरलं. जिंतूर रोडला एकजण गच्ची हीटप्रूफ करतो त्याच्याकडं एक्सपीएसच्या ५० मिलिमीटरच्या लाद्या आहेत, अर्ध्या तुटक्या तो तशाच देतोय. ग्लायडर त्याच्याच पातळ पट्ट्या तारेनं चिरून. मोठ्या विमानाला टेप आणि कामटी, फायबर नाही. पतंगराव, कामट्या खरंच पाठवाल का, कुरियरचा खर्च शाळा देईल. आबा, तुमचा मुद्दा मनात राहिला, म्हणून प्रत्येक गटाला बाल्साची एकेक छोटी शीट घेतो, ए-ग्रेन सी-ग्रेन हातानं बघायला आणि ग्लायडरच्या शेपटीला.

एकच राहिलं, तोल कुठं धरायचा?

आबा_अंबाजोगाई
शीटा मी पाठवतो, विकत घेऊ नका. माळ्यावर पडून आहेत.

लातूरचा_पतंग
कामट्या येतील. कुरियर राहू द्या, परभनीला आमचा मेव्हना जायलाय.

चिकलठाणा_टेकऑफ
तोल पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. तुमचा पंख २० सेंटिमीटरचा, म्हणजे पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटर मागं, दोन्ही बाजूला खालून बोटं लावून बघा. विमान सपाट किंवा नाक किंचित खाली राहिलं पाहिजे. हे सगळं बॅटरी, टेप, रंग झाल्यावर बघायचं, आधी नाही. बॅटरीची जागा धडात पुढं-मागं सरकवता येईल अशी लांब ठेवा, शेपूट जड निघालंच तर बॅटरी पुढं घ्या, नाकात शिसं भरत बसू नका.